खोबरेलात थिजलेले हजार ओहम

माझ्या डोक्यावर काळ्या एबोनाइटची चकती आहे आणि तिच्यावर एकच आकडा कोरलेला आहे: १०००. त्यापुढे ओहमचं चिन्ह. बाकी नाव नाही, गाव नाही. मित्रांनो, मी हजार ओहमचा प्रमाण रोध आहे. दुकानात किलोचं वजन असतं, शिंप्याकडे मापाची पट्टी असते, तसं मी विजेच्या अडवणुकीचं माप आहे. वीज माझ्यातून जाऊ लागली की मी तिला ठरावीक अडवतो. कमी नाही, जास्त नाही. एवढंच माझं काम. "एवढंच?" असं म्हणणारी माणसं मला पुष्कळ भेटली. म्हणूनच आज जरा सविस्तर सांगतो.

माझा जन्म अंबाल्याच्या एका लहान कारखान्यातला. तांबं, मँगनीज आणि थोडं निकेल वितळवून केलेली मँगनिनची तार म्हणजे मी. ही तार घेतली ती एका विशेष कारणासाठी. उन्हाळा असो की हिवाळा, तिची अडवणूक फारच थोडी बदलते. कारागिराने माझी तार मधोमध दुमडली आणि दोन्ही पदर शेजारी शेजारी ठेवून रिळावर गुंडाळले. एका पदरातून वीज जाते, शेजारच्या पदरातून परत येते, आणि दोघींचा चुंबकी परिणाम एकमेकींना पुसून टाकतो. तेव्हा मला वाटलं होतं, या माणसाला सरळ गुंडाळता येत नाही वाटतं. त्याच्या दुमडीचा उपयोग मला चाळीसेक वर्षांनी कळला.

मग लाखेचा हात मारून मला भट्टीत शेकलं आणि पितळेच्या डब्यात बसवलं. डब्याला सगळीकडून भोकं, आत तेल खेळावं म्हणून. तसा मी रत्नागिरीच्या एका महाविद्यालयात येऊन पोचलो. जांभ्या दगडाची इमारत, कौलं, आणि खिडकीतून दिसणारी समुद्राची एक निळी रेघ. काही वर्षं मुलांनी मला प्रयोगांसाठी वापरलं. पुढे काट्यांच्या जागी लाल आकडे दाखवणारी मीटरं आली आणि मी कपाटात गेलो.

अशा जागी आत्मवृत्त सांगणारे डोळे पुसतात, हे मला ठाऊक आहे. पण खरं सांगतो, मला कपाटात वाईट वाटलं नाही. नव्या तारेला वाकवलेलं असतं, ताणलेलं असतं. तो ताण तिच्या अंगात राहतो आणि तिची किंमत हळूहळू सरकत राहते. वर्षानुवर्षं कुणी हात लावला नाही, की तो ताण निवतो. कपाटात मी सडत नव्हतो. बरणीतल्या लोणच्यासारखा मुरत होतो.

१९९८ साली कपाट उघडलं. नवी कोकण रेल्वे नुकतीच सुरू झाली होती आणि महाविद्यालयात विज्ञान प्रदर्शन होतं. मांडायला जुनं काही मिळतं का ते बघायला शेवटच्या वर्षाची एक विद्यार्थिनी आली. तिचं नाव महरीन होडेकर. रत्नागिरीतल्याच राजिवड्याची. वडील रमजान कुवेतला टगबोटीवर इंजिन सांभाळत, घरी ती आणि तिची अम्मी कनीज. महरीनने ओढणीच्या टोकाने माझा आकडा पुसला आणि शिकवणाऱ्या सरांना विचारलं, हा हजार आहे असं लिहिलंय, पण तो हजारच आहे हे कोण सांगतं?

सर म्हणाले, मीटर लावून बघ. तिने विचारलं, मीटरला कोण सांगतं? सर म्हणाले, कंपनी. तिने विचारलं, आणि कंपनीला?

सरांना हसू आलं. "तिला दिल्लीची राष्ट्रीय प्रयोगशाळा सांगते. आता दिल्लीला कोण सांगतं ते जाऊन तिकडेच विचार, बये."

सर विसरून गेले. महरीन विसरली नाही.

ती मुंबईला शिकली आणि काही वर्षांनी त्याच महाविद्यालयात शिकवायला परत आली. आल्या आल्या तिने कपाट उघडून मला टेबलावर ठेवलं. तिला डॉक्टरेट करायची होती, आणि विषय होता विजेची मोजमापं. तुम्हाला सोपं करून सांगतो. बॅटरीतली वीज एकाच दिशेने जाते, आणि तिला अडवायचं काम आम्ही रोध करतो. घरातली वीज मात्र सारखी ये-जा करते. ये-जा करणाऱ्या विजेला वाटेत जो जो अडथळा होतो, म्हणजे रोधाचा, वेटोळ्याचा, वीज साठवणाऱ्या कपॅसिटरचा, त्या सगळ्याला मिळून इम्पीडन्स म्हणतात. माझी किंमत बिनचूक माहीत असेल तर मला ब्रिज नावाच्या यंत्राच्या एका बाजूला आणि कपॅसिटरला दुसऱ्या बाजूला ठेवून कपॅसिटरचीही किंमत काढता येते. ब्रिज म्हणजे विजेचा तराजू. त्या तराजूत ये-जा करणारी वीज असते, आणि तिथेच माझ्या दुमडलेल्या तारेचं चीज झालं. सरळ गुंडाळलेली तार वेटोळ्यासारखी वागून मापात लुडबुड करते. मी करत नाही. अंबाल्याच्या त्या कारागिराला मी मनातल्या मनात नमस्कार केला.

महरीनचे मार्गदर्शक मुंबईचे डॉ. गुरुप्रसाद सामंत. माणूस कडक, पण बोलण्यात गंमत. रत्नागिरीत राहूनच काम करीन असं महरीनने सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "होडेकर, हे काम हवेतल्या ओलीला घाबरतं, तापमानाला घाबरतं आणि वीज जाण्याला घाबरतं. तुमच्याकडे या तिन्ही गोष्टी फुकट मिळतात."

शेवटी त्यांनी एक अट घातली. मे महिन्यात मला दिल्लीला नेऊन माझी किंमत काढायची. पावसाळाभर रत्नागिरीत माझ्या आधाराने कपॅसिटर मोजायचे. डिसेंबरात मला पुन्हा दिल्लीला न्यायचं. दोन्ही वेळची किंमत जुळली तर रत्नागिरीतलं काम खरं. नाही जुळली, तर सगळी मापं रद्द, आणि महरीनने नोकरी सोडून मुंबईत नव्याने सुरुवात करायची. म्हणजे अम्मीला राजिवड्यात एकटं ठेवायचं, नाहीतर डॉक्टरेटचा नाद सोडायचा. महरीनने अट मान्य केली. मित्रांनो, तिचं सगळं माझ्या न बदलण्यावर येऊन ठेपलं होतं.

साल होतं २००५. पहिला प्रश्न मला न्यायचं कसं हा. मला धक्का चालत नाही. तारेला हिसका बसला की किंमत हलते. महरीनने थर्माकोल आणला, स्पंज आणला, काहीच मनासारखं बसेना. तिची अम्मी ओट्यावर आंब्यांच्या पेट्या भरत बसली होती. तिने बराच वेळ बघून घेतलं आणि म्हणाली, "हापूस मुंबैला जातो, डाग लागत नाय. तुजा डबा काय आंब्यापेक्षा नाजूक हाय?"

मग मी लाकडी पेटीत बसलो. खाली पेंढा, वर पेंढा, चारी बाजूंनी पेंढा. आंबा बसवतात तसं अम्मीने मला हलकेच दाबून बसवलं, पेटी कानाशी धरून हलवली, आवाज येत नाही असं बघून फळी ठोकली. शेजारी खऱ्या आंब्यांची एक पेटी बांधली, दिल्लीच्या लोकांसाठी.

गाडीत महरीनने मला मांडीवर घेतलं आणि आंबे सीटखाली ठेवले. समोरच्या बाकावर चिपळूणला चढलेल्या एक आजीबाई होत्या. पनवेल येईपर्यंत त्यांनी धीर धरला. मग म्हणाल्या, "काय गो, एक पेटी मांडीवर नि एक पायात. मांडीवरचा आंबा जास्त गोड काय?" महरीनने सांगितलं की हिच्यात आंबे नाहीत, विजेचं माप आहे. आजीबाईंचा विश्वास बसला नाही. पण उतरताना त्यांनी मांडीवरच्या पेटीला हात लावून तो हात कपाळाला लावला, म्हणजे थोडा बसला असावा.

दिल्लीच्या प्रयोगशाळेच्या दारावर पहारेकऱ्याने पेटी उघडायला लावली. पेंढा बाजूला करताना त्याचा चेहरा खुलला होता. मी दिसलो तसा पडला. महरीनने दुसरी पेटी पुढे केल्यावर पुन्हा खुलला.

आणि तिथे मला तो भेटला. तुम्हाला वाटेल एखादा मोठा, चकचकीत रोध. नाही. नखाएवढी एक चकती होती. तिच्यात विजेच्या कणांचा इतका पातळ थर, की त्यांना वर-खाली हलायला जागाच नाही. ती चकती द्रवरूप हेलियममध्ये बुडवलेली, म्हणजे जगातल्या कुठल्याही बर्फापेक्षा कितीतरी थंड, आणि भोवती जबरदस्त चुंबक. चुंबकाचा जोर वाढवत नेला की तिचा रोध चढणीसारखा वाढत नाही. पायऱ्यांनी वाढतो. एक पायरी, मग सपाट. पुढची पायरी, पुन्हा सपाट. त्या पायरीची किंमत चकतीच्या आकारावर ठरत नाही, ती कुणी केली यावर ठरत नाही. ती ठरते निसर्गाच्या दोनच स्थिरांकांवर. दिल्लीत जी, तीच जपानात, तीच रत्नागिरीत. याला क्वांटम हॉल परिणाम म्हणतात.

महरीनच्या प्रश्नांची साखळी इथे येऊन संपली. दिल्लीला कोण सांगतं? निसर्ग सांगतो. तिथल्या मुख्य शास्त्रज्ञ बाई पडद्यावरच्या रेघेतली सपाट पायरी दाखवत होत्या, आणि महरीन एवढ्या मोठ्या लोकांत तोंडावर हात धरून हसत होती. आनंद झाला की ती तशीच हसते. मला काय वाटलं? आयुष्यभर मी न बदलण्याची खटपट केली. इथे एक असा भेटला, ज्याला बदलणं माहीतच नव्हतं. हेवा नाही वाटला. आपल्या घराण्यात कुणीतरी इतकं खरं आहे, याचा अभिमान वाटला.

त्याच्याशी ताडून माझी किंमत निघाली: १०००.०१२४ ओहम. तीन वेगवेगळ्या तापमानांना मोजून, मी किती तापल्यावर किती सरकतो तेही त्यांनी काढून दिलं. एक अंश तापलो की दहा लाखात पाचेक भाग. म्हणजे रत्नागिरीत मला एकाच तापमानात ठेवणं भाग होतं.

त्यासाठी मला तेलात बुडवतात. शुद्ध खनिज तेलाचा डबा मुंबईहून यायचा होता. पण त्या जुलैत पावसाने कहर केला, दरडी कोसळून रेल्वे आणि घाट दोन्ही अडले, आणि आमचा डबा वाटेत कुठेतरी राहिला. टेबलावर ब्रिज तयार, कपॅसिटर तयार, मी तयार, तेल नाही. रसायनशास्त्र शिकवणारी राही महरीनची जिवलग मैत्रीण. दोघींनी विचार केला. तेल कसं हवं? स्वच्छ, पातळ आणि वीज वाहून न नेणारं. अम्मीचं माहेर गुहागरचं, तिथे भावाच्या वाडीतल्या नारळांचं खोबरेल घरात असायचंच. राहीने ते तपासलं, वीज जात नाही याची खात्री केली, आणि मला पितळी डब्यासकट खोबरेलाच्या टाकीत सोडलं. टाकीला एक लहान हीटर होता. खोली एसीने थंड ठेवायची आणि तेल हीटरने पंचवीस अंशांवर धरायचं, अशी योजना. प्रयोगशाळेत देवळातल्या गाभाऱ्यासारखा वास सुटला. मी खूश होतो.

चूक झाली ती इथे. समुद्राकाठच्या माणसाला खोबरेल म्हणजे वाहणारी वस्तू. जानेवारीतल्या दोन-चार सकाळी सोडल्या तर इथे ते कधी थिजलेलं दिसत नाही, आणि त्या सकाळीही कुणी विचार करत नाही, बाटली उन्हात ठेवली की झालं. जुलै महिन्यात खोबरेल थिजेल हे दोघींच्या डोक्यातही आलं नाही.

त्या काळात भारनियमन होतं. वीज ठरल्या वेळी जायची, न ठरल्या वेळीही जायची. एका शनिवारी प्रयोगशाळा बंद झाल्यावर वीज गेली आणि नंतर परत आली. एसी आपोआप सुरू झाला. हीटरला मात्र बटण दाबावं लागायचं, आणि दाबायला कुणी नव्हतं. रविवारभर खोली गार होत गेली. तेल आधी धुरकट झालं, मग कडेने पांढरं, मग सगळीकडून पांढरं. ते आकसत, घट्ट होत माझ्या तारेभोवती आवळत गेलं. मला काही करता येत नव्हतं. मी साबणाच्या वडीत अडकलेल्या मुंगीसारखा झालो.

सोमवारी दार उघडलं. राहीने टाकीत डोकावून बघितलं आणि म्हणाली, "महरीन, तुझा ओहम डोक्याला तेल थापून झोपलाय गो."

महरीन हसली नाही. तिला वेगळंच दिसत होतं: आवळलेली तार, हललेली किंमत, डिसेंबर. राही चमचा आणायला निघाली तर तिने तिचा हात धरला. खरवडायचं नाही, आपोआप वितळू दे, असं सांगून तिने एसी बंद केला आणि तेलात थर्मामीटर सोडून शेजारी बसली. खोली तापू लागली. तेलही अठरावरून वर सरकू लागलं आणि चोविसाच्या आसपास आलं. मग खोली तिशीला पोचली, दोघींना घाम फुटला, पण तेलातला पारा तिथेच.

राही म्हणाली, थर्मामीटर बिघडला असेल. महरीनने दुसरा लावला. तोही तिथेच.

"बिघडला नाही," महरीन हळूच म्हणाली. "खोबरेल वितळतंय. सगळं वितळून होईपर्यंत ते तापणार नाही."

मित्रांनो, सरबतात बर्फ असेपर्यंत सरबत गार राहतं, तसंच हे. बाहेरून आलेली उष्णता तापवण्यात जात नाही, वितळवण्यात जाते. खोबरेल बर्फाइतकं काटेकोर नाही, कारण ते एक पदार्थ नसून अनेक स्निग्ध पदार्थांचं मिश्रण आहे. तरी अर्धं थिजलेलं, अर्धं वितळलेलं खोबरेल सारखं ढवळत राहिलं, तर भारनियमनात एसी आणि हीटर दोन्ही बंद असतानाही त्याचं तापमान अंशाच्या दोन-तीन दशांशांपलीकडे हलत नव्हतं. पुढे खनिज तेलाचा डबा आला तेव्हा महरीनने त्याचीही परीक्षा घेतली. तेवढ्याच वेळात ते तेल पाच अंश चढलं. तिने तो डबा बाजूला ठेवला.

त्या दिवशी भीती जाऊन तिच्या चेहऱ्यावर दिल्लीतलं हसू परत आलं. तेव्हापासून आमचा क्रम ठरला. रात्री एसीने तेल अर्धवट थिजवायचं, आणि सकाळी त्या पांढऱ्या लापशीत मला ठेवून मापं घ्यायची. खोबरेल खवट झालं तर माझ्या तांब्याला हिरवं चढेल, म्हणून राही मधून मधून तेल तपासायची आणि बदलायची. काढलेलं तेल ती घरी न्यायची. तिचे केस त्या वर्षी फार छान झाले, असं सगळा स्टाफ म्हणायचा.

पण आनंद पुरा झाला नव्हता. थिजण्याआधी महरीनने मला आणि तिच्या अभ्रकाच्या कपॅसिटरला ब्रिजच्या दोन बाजूंना ठेवून तोल साधला होता. ऑगस्टात तिने तोच तोल पुन्हा बघितला, तर तो दहा लाखात बारा भागांनी ढळला होता. ढळण्याचा अर्थ एकच: दोघांपैकी कुणीतरी हललंय. मी, नाहीतर कपॅसिटर. ब्रिज फरक सांगतो, नाव सांगत नाही.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. सामंत सर फोनवर म्हणाले, "दोघांपैकी एकाला तुम्ही केसांच्या तेलात थिजवलंत. कोण हललं हे मी वेगळं सांगायला हवं का?"

महरीन म्हणाली, "सर, संशय घेता येईल. पण मोजल्याशिवाय नाव नाही घेणार मी."

सर म्हणाले, मग डिसेंबरात बघू. आणि फोन ठेवण्याआधी त्यांनी आठवण करून दिली की अट अजून तीच आहे.

तुम्ही विचाराल, तुला स्वतःला तर माहीत असेल ना, हललास की नाही? नव्हतं माहीत. मापाला स्वतःला मोजता येत नाही. आपण बदललो का, हे कळायला दुसऱ्या कुणाशी तरी ताडून बघावं लागतं. ते चार महिने मी महरीनइतकाच वाट बघत होतो.

अम्मीच्या कानावर हे गेलं तेव्हा ती मासे साफ करत होती. हातातली सुरी तशीच धरून तिने विचारलं, "माज्या तेलानं तुजं काम बिघडवलं काय गो बाय?"

नाही म्हणणं सोपं होतं. पण महरीन म्हणाली, "ठाऊक नाय, अम्मी. डिसेंबरात कळेल."

अम्मीने मान हलवली. तिला ते उत्तर आवडलं असावं, कारण थोड्या वेळाने ती म्हणाली, "मग तोवर तेल थांबवू नको. भावाला सांगते, ताजं पाठव."

डिसेंबरात मी पुन्हा पेंढ्यात बसलो. पेटी तीच, बसवणारे हात तेच. दिल्लीच्या दारावर पहारेकरीही तोच होता. त्याने पेटी ओळखली, थंडीत आंबे कुठून आले म्हणून आश्चर्याने पेंढा बाजूला केला, आणि या वेळी दुसरी पेटी नाही हे कळल्यावर त्याने मला फार नाराजीने आत सोडलं.

शास्त्रज्ञ बाईंनी मला हातात घेतलं आणि त्यांचं नाक चाळवलं. माझ्या भोकांतून अजून वास येत होता. महरीनने सगळं सांगितलं, काही लपवलं नाही: हीटरचं बटण, रविवार, थिजणं, लापशी, ढळलेला तोल. बाईंनी ऐकून घेतलं आणि फक्त एवढंच म्हणाल्या की आता बोलणं बंद, मोजू या.

हेलियममध्ये तो नखाएवढा भाऊबंद तयार होता. पायरी सपाट झाली. आमची गाठ घातली गेली. महरीन आकड्यांकडे पाठ करून उभी होती. खिडकीबाहेर धुकं होतं आणि ती त्या धुक्यात टक लावून बघत होती, जणू आकडा तिकडे उमटणार होता.

बाईंनी आकडा मोठ्याने वाचला. १०००.०१२६.

मे महिन्यात १०००.०१२४. एक कोटीत दोन भाग. माझ्यासारख्याच्या आयुष्यात याला बदल म्हणत नाहीत, श्वास म्हणतात. मी हललो नव्हतो. थिजलो, आवळलो गेलो, वितळलो, पण हललो नव्हतो. कपाटातली ती मुरलेली वर्षं त्या रविवारी माझ्या कामी आली होती.

महरीन वळली. तोंडावर हात होता. बाईंनी तिला विचारलं, मग तुझा तोल कुणी ढळवला? तिने हात काढला आणि इतक्या आनंदाने उत्तर दिलं, की जणू चोर पकडून देत होती: कपॅसिटरने. पावसाळ्यातली ओल पिऊन.

आणि तसंच निघालं. रत्नागिरीला परत आल्यावर तिने कपॅसिटरला कोरड्या हवेत ठेवलं. तो हळूहळू मूळ जागी आला. पुन्हा ओलीत ठेवलं, पुन्हा सरकला. समुद्राकाठच्या ओल्या हवेत कपॅसिटर किती आणि कसे सरकतात, हाच तिच्या प्रबंधाचा गाभा झाला. ज्या ओलीला घाबरून हे काम मुंबईच्या बंदिस्त प्रयोगशाळेत न्यायचं म्हणत होते, तीच ओल नसती तर सांगण्यासारखं काही सापडलंच नसतं.

पण ते नंतरचं. त्या दिवशी तिने दिल्लीहून सामंत सरांना फोन लावला आणि दोन्ही आकडे सांगितले. सरांनी ते लिहून घेतले आणि पुन्हा एकदा वाचून दाखवले.

मग सर म्हणाले, "होडेकर, ते तेल कुठलं म्हणालात?"

"गुहागरचं, सर. मामाच्या वाडीतलं."

"एक डबा मुंबईला पाठवा. आमचाही एसी बंद पडतो."

अटीबद्दल त्यांनी पुन्हा कधी विचारलं नाही.

अम्मीला तिने घरी येऊनच सांगितलं. अम्मीने आकडे ऐकले, तिला ते कळले नसावेत, पण तेल निर्दोष सुटलं एवढं कळलं. तिने मला पेंढ्यातून काढलं आणि पदराने पुसलं, खरं तर पुसायची गरज नव्हती. कुवेतहून अब्बांचा फोन आला तेव्हा महरीन बोलायच्या आधी अम्मीनेच त्यांना सांगून टाकलं की आपलं खोबरेल दिल्लीत पास झालंय.

दोन वर्षांनी महरीन डॉक्टर झाली. तिची प्रयोगशाळा अजून तीच, जांभ्याची, खिडकीतून समुद्राची रेघ दिसणारी. मी तिथेच आहे, टाकीत. आता दापोलीच्या, राजापूरच्या, चिपळूणच्या महाविद्यालयांतून त्यांचे जुने रोध माझ्याशी ताडून बघायला येतात. मी दिल्लीशी ताडलेला, ते माझ्याशी, आणि त्यांच्याशी त्यांच्याकडची मीटरं. महरीनने विचारलेली प्रश्नांची साखळी आता उत्तरांची झाली आहे. हे सगळे पाहुणे आंब्यांच्या पेट्यांतून येतात, कारण महरीनने सगळ्यांना तसंच पाठवायला सांगितलंय. भर हिवाळ्यात आमच्या दारात पेट्यांची रांग लागते, आणि फाटकावरचा माणूस आता एकाही पेटीत डोकावत नाही.

मित्रांनो, तुमच्या शाळेच्या कपाटात माझ्यासारखा कुणी असेल तर त्याला आपटू नका. बाहेर काढा, पुसा, आणि त्याला विचारा: तू जे म्हणतोस ते खरं कशावरून? त्याला राग येणार नाही. आम्ही त्या प्रश्नासाठीच बनलेले असतो. आणि तोच प्रश्न कुणी तुम्हाला विचारला तर तुम्हीही रागावू नका. पेंढ्यात नीट बसा, लांबचा प्रवास करा, आणि जो तुमच्यापेक्षा खरा आहे त्याच्याशी स्वतःला ताडून या. येताना थोडा वास लागला असेल खोबरेलाचा, तर लागू द्या.